गोणीतली सबसिडी कुठवर जाते?

 

बचत गटांच्या समन्वयक म्हणून आम्ही जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत फिरतो. वसमतला हळदीच्या कुकरजवळ बैठक होते, सेनगावला सोयाबीनच्या बांधावर, कळमनुरीकडे कापूस वेचता वेचता. पीक कोणतंही असो, शेवटी एकच प्रश्न येतो. बियाणं आपलं, खुरपणी आपली, काढणी आपली, मग मोंढ्यात गेल्यावर भाव कोण ठरवतं? व्यापारी म्हणतो, "वरून भाव पडलाय." हे 'वर' म्हणजे नेमकं कुठे?

त्या 'वर'चा एक धागा आज उलगडू या. शेतीची जी साधनं आहेत, म्हणजे खत, वीज आणि पाणी, ती सरकार स्वस्तात देतं. आपल्याकडे देतं, अमेरिकेत देतं, पंजाबात देतं. या सबसिडीचा आणि देशोदेशीच्या शेतमालाच्या व्यापाराचा काय संबंध आहे, हा आजचा विषय. विषय दिल्लीचा वाटेल, पण त्याचं टोक आपल्या घरातल्या पोत्याला बांधलेलं आहे.

आधी आपल्या घरापासून सुरू करू. युरियाची ४५ किलोची गोणी आपण २६६ रुपये ५० पैशांना घेतो. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना. ही खताची खरी किंमत नाही. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्यातला बराच वायू बाहेरून येतो. डीएपी आणि त्याचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात आयात होतो. पालाश तर जवळजवळ सगळाच बाहेरचा. २०२२ साली रशिया आणि युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा जगभर वायू आणि खतं महागली. तरी आपल्या युरियाच्या गोणीची किंमत तीच राहिली, कारण वरचा फरक केंद्र सरकारने भरला. २०२२-२३ या एका वर्षात खताच्या सबसिडीवर सुमारे अडीच लाख कोटी रुपये खर्च झाले.

दुसरं साधन वीज. महाराष्ट्रात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून बिल येत नाही. ते पैसे राज्य सरकार वीज कंपनीला देतं. तिसरं साधन पाणी. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही धरणं सरकारी पैशातून बांधली. कालव्याच्या पाण्याची जी पट्टी आपण भरतो, त्यात धरण बांधायचा खर्च निघत नाही.

ही मदत नको, असं कुणी म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. पण तिची एक रीत ओळखून ठेवली पाहिजे. ही मदत माणसाला मिळत नाही, वस्तूला मिळते. जितक्या गोण्या, तितकी सबसिडी. जितका वेळ मोटार चालली, तितकी सबसिडी. जितकं पाणी रानात शिरलं, तितकी सबसिडी.

समजा, एका घरी दोन एकर कोरडवाहू सोयाबीन आहे. विहीर नाही, मोटार नाही, वर्षाला तीन-चार गोण्या खत. दुसऱ्या घरी दहा एकर ऊस आणि हळद आहे, विहीर आहे, कालवाही जवळून जातो. खत जास्त लागतं आणि लाइट आली की मोटार सुरू. दोघंही शेतकरीच. दोघांच्याही नावाने सरकार मदत करतं. पण पहिल्या घरी वर्षाला काही हजार रुपये पोचतात आणि दुसऱ्या घरी त्याच्या कितीतरी पट. ज्याच्या शेतात पाणी नाही, त्याला मोफत विजेचा उपयोग काय? आपला जिल्हा बहुतांश कोरडवाहू आहे, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेक बायका पहिल्या घरातल्या आहेत.

आता पुढची गोष्ट. शेतात ओतलेली सबसिडी शेतातच थांबते का? नाही थांबत. ती पिकात उतरते आणि पिकाबरोबर बाजारात जाते. खत स्वस्त मिळालं, वीज फुकट मिळाली, तर त्या मालाचा खर्च कमी दिसतो. खर्च कमी दिसला की तो माल कमी भावात विकायला परवडतो. तोच माल जहाजात चढला तर आपल्या सरकारचे पैसेही जहाजात चढले, असं समजा.

साखरेचं उदाहरण घेऊ. वसमतला साखर कारखाना आहे, त्यामुळे ऊस आपल्याला नवा नाही. आपल्याच तांड्यांवरची कितीतरी जोडपी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. एक किलो साखरेमागे साधारण दीड ते दोन हजार लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच लिहून ठेवलंय की महाराष्ट्रात ऊस चार टक्क्यांपेक्षा कमी क्षेत्रावर असतो आणि सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. अशी साखर परदेशी गेली की पोत्यात साखर दिसते, पाणी दिसत नाही. पण पाणीही गेलेलं असतं.

त्यातच २०१९-२० मध्ये देशात साखर फार झाली. तेव्हा ६० लाख टन साखर बाहेर पाठवण्यासाठी केंद्राने टनामागे १०,४४८ रुपयांची मदत जाहीर केली. साखर पिकवणाऱ्या दुसऱ्या देशांना भारताची अशी मदत आधीपासूनच आवडत नव्हती. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध आधीच तक्रार केली होती. त्यांचं म्हणणं असं की भारताच्या सबसिडीमुळे जगात साखर स्वस्त होते आणि आमचे शेतकरी मार खातात. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या पंचांनी भारताविरुद्ध निकाल दिला. भारताने अपील केलं. पण त्या संघटनेचं अपील ऐकणारं मंडळ २०१९ च्या अखेरीपासून बंद पडलंय. त्यामुळे प्रकरण तिथेच अडकून राहिलं.

म्हणजे सबसिडी देणारा देश आपल्या शेतकऱ्याला हात देतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्याचा भाव पाडतो. साखरेत आपण भाव पाडणारे ठरलो. आता दुसरी बाजू बघू, जिथे मार आपल्याला बसला.

ती बाजू म्हणजे कापूस. आपल्यातल्या वयस्कर बायकांना एकाधिकार कापूस खरेदी आठवत असेल. १९७२ साली राज्यात ती सुरू झाली. गाडीभर कापूस केंद्रावर न्यायचा आणि चुकाऱ्याची वाट बघायची. २००१-०२ च्या हंगामात जगातला कापसाचा भाव जवळपास तीस वर्षांतल्या तळाला गेला. त्याला कारणं अनेक होती. पण त्यातलं एक मोठं कारण अमेरिकेची सबसिडी हे होतं. ऑक्सफॅम या संस्थेने २००२ मध्ये हिशेब मांडला, की अमेरिकेत कापूस पिकवणारे शेतकरी साधारण २५ हजार आहेत आणि त्यांना एका वर्षात सुमारे ३९० कोटी डॉलरची मदत मिळते. बाजारात भाव कितीही पडो, त्यांचा पेरा कमी होत नव्हता, कारण फरक सरकार भरत होतं. त्यांचा माल जगाच्या बाजारात ओतला जात राहिला आणि भाव आणखी पडत राहिला. इकडे आपल्या राज्याने जास्त भावाने घेतलेला कापूस स्वस्तात विकावा लागला. एकाधिकार योजनेचा तोटा वाढत गेला आणि शेवटी ती मोडली. तिची स्वतःची दुखणी होतीच, पण बाहेरच्या पडलेल्या भावाने तिला सावरू दिलं नाही.

यावर ब्राझीलने २००२ मध्ये अमेरिकेविरुद्ध तक्रार केली. निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला आणि २००५ मध्ये अपिलातही तो टिकला. मग वर्षानुवर्षं ओढाताण चालली. २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार गरीब देश २००३ पासून हेच गाऱ्हाणं मांडत होते. कापूस हीच त्यांची मोठी कमाई. पण त्यांच्या हाती असा पैसा आला नाही. भांडायला वकील, पैसा आणि चिकाटी लागते. ज्याच्याकडे ती होती त्याला भरपाई मिळाली. बाकीच्यांनी पडलेल्या भावातच कापूस विकला.

पाण्याचंही तसंच. अमेरिकेच्या पश्चिमेचा भाग कोरडा आहे. तिथल्या सरकारने १९०२ साली कायदा करून धरणं आणि कालवे बांधायला घेतले, आणि शेतकऱ्यांना त्यांच्या वाट्याचा खर्च बिनव्याजी फेडायची सवलत दिली. पुढे कॅलिफोर्नियातही मोठी धरणं-कालव्यांची योजना झाली. आज जगातले बहुतेक बदाम कॅलिफोर्नियात पिकतात आणि त्यांचा सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आपला देश आहे. बाळंतिणीच्या लाडवात आपण चार बदाम घालतो, त्यात कदाचित त्या कालव्यांचंही पाणी असेल. साखरेतून आपलं पाणी जातं, बदामातून त्यांचं येतं. दोन्हीकडे पाण्याची खरी किंमत कुणी मोजलेली नसते.

आता सोयाबीनकडे येऊ, कारण आपल्या जिल्ह्यात खरिपाला सगळ्यात जास्त तेच. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. मोंढ्यात बरंचसं सोयाबीन चार-सव्वाचार हजारांनी गेलं. असं का झालं?

सोयाबीन विकत घेणारा गिरणीवाला दोन गोष्टी बघतो. १०० किलो सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड. तेलाचा भाव आणि पेंडीचा भाव मिळून आपला भाव ठरतो. तेलाचा भाव आयात शुल्कावर हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० टक्के केलं. मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. शुल्क उतरलं की बाहेरचं पामतेल आणि सोयातेल स्वस्त पडतं. शहरातल्या बाईला फोडणी स्वस्त होते आणि आपल्या सोयाबीनला गिऱ्हाईक कमी होतं.

पेंडीची गोष्ट जरा लांबून येते, ती नीट ऐका. पंजाबात १९९७ पासून शेतीच्या मोटारींना मोफत वीज आहे. त्या विजेवर जमिनीखालचं पाणी उपसून तिथे भात पिकतो. सरकार तो हमीभावाने विकत घेतं. तांदूळ इतका साठतो की आपला देश आज जगातला सगळ्यात मोठा तांदूळ विकणारा झालाय. तरीही गोदामं भरलेली. मग त्यातला काही तांदूळ सरकार इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांना देतं. इथेनॉल म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं इंधन. जानेवारी २०२५ मध्ये या तांदळाचा भाव क्विंटलला २,८०० रुपयांवरून २,२५० रुपयांवर आणला. तांदळापासून आणि मक्यापासून इथेनॉल काढलं की खाली चोथा उरतो. त्यात प्रथिनं भरपूर, आणि तो सोयापेंडीपेक्षा स्वस्त. कोंबड्यांचं खाद्य बनवणारे मग सोयापेंड कमी करून हा चोथा घालतात. पेंडीची मागणी घटली की सोयाबीनचा भाव दबतो. शिवाय परदेशात ब्राझील आणि अर्जेंटिनाची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त, त्यामुळे बाहेरही गिऱ्हाईक कमी.

सोयाबीनचा भाव पडायला हे एकच कारण आहे असं नाही. पण विचार करा. पंजाबातल्या मोटारीला फुकट मिळालेली वीज, फिरत फिरत, सेनगावच्या बाईच्या सोयाबीनचा भाव उतरवायला हातभार लावते. तिच्या शेतात ना मोटार, ना विजेचा खांब.

आता जागतिक व्यापार संघटनेचे नियम थोडक्यात समजून घेऊ, कारण तिथे आपलं नाव घेतलं जातं. ही संघटना १ जानेवारी १९९५ ला सुरू झाली. तिने शेतीच्या सबसिडीचे डबे केलेत, आपण मांडणीवर ठेवतो तसे. हिरव्या डब्यात ती मदत, जिने व्यापार फारसा बिघडत नाही असं मानलं जातं: संशोधन, प्रशिक्षण, दुष्काळातली मदत. पिवळट-केशरी डब्यात ती मदत, जिने भाव आणि उत्पादन हलतं. तिच्यावर मर्यादा आहे. आपल्यासारख्या देशांना एका पिकाच्या उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत मुभा. श्रीमंत देशांना ही मुभा ५ टक्के. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना त्याशिवाय जुना वेगळा वाटा ठेवून दिलाय. अमेरिकेचा हा वाटा वर्षाला सुमारे १,९१० कोटी डॉलरचा आहे. ज्यांच्या ताटात आधीपासून जास्त होतं, त्यांचं ताट तसंच राहिलं.

त्यात आणखी एक विचित्र गोष्ट. आपल्या हमीभावात किती सबसिडी आहे हे मोजताना त्याची तुलना १९८६ ते १९८८ या काळातल्या भावाशी करतात. तेव्हाची मजुरी आठवा, तेव्हाचं डिझेल आठवा. त्या मोजणीने भाताबाबत भारताने २०१८-१९ मध्ये १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली. २०१३ मध्ये बाली इथे झालेल्या बैठकीत अशा वेळी संरक्षण देणारं एक कलम ठरलं होतं. भारताने त्याचा आधार घेतला.

खत, वीज आणि पाण्याची सबसिडी मात्र वेगळ्या कलमाखाली येते. विकसनशील देशांनी अल्प उत्पन्नाच्या किंवा साधनांची चणचण असलेल्या शेतकऱ्यांना अशी मदत दिली तर ती मर्यादेत मोजायची नाही, असं ते कलम आहे. भारत सरकार तिथे सांगतं की आमच्याकडचे ९९ टक्क्यांहून जास्त शेतकरी असेच आहेत.

मैत्रिणींनो, हे 'साधनांची चणचण असलेले' म्हणजे कोण? दोन एकर कोरडवाहूवाली. बटईने रान करणारी. नवरा गेल्यावर दिराच्या नावावरच्या जमिनीत राबणारी. जगाच्या पंचायतीत ही सबसिडी आपल्या नावावर टिकून आहे. मग त्यातली आपल्यापर्यंत किती पोचते, हे विचारायचा पहिला हक्कही आपलाच आहे.

विचारताना दुसऱ्या हाताकडेही बघायला हवं. एका हाताने सरकार गोणी स्वस्त देतं, दुसऱ्या हाताने भाव दाबतं. मे २०२२ मध्ये गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. तुरीची आयात २०२१ पासून खुली आहे. कापसावर २०२१ मध्ये ११ टक्के आयात शुल्क लावलं होतं. २०२५ मध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर, ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत ते माफ केलं. प्रत्येक निर्णयामागे काही कारण असतं: शहरातली महागाई, गिरण्यांची अडचण. पण हिशेब बेरीज-वजाबाकीचा असतो. इक्रिअर ही दिल्लीची संस्था आणि श्रीमंत देशांची ओईसीडी या दोघांनी मिळून २०१८ मध्ये असा हिशेब केला. २००० ते २०१६ या वर्षांत खत-विजेची सगळी मदत धरूनही भारतीय शेतकऱ्याच्या पदरात सरासरी उणे १४ टक्के पडले, असं त्यात निघालं. म्हणजे दिलं त्यापेक्षा काढून जास्त घेतलं. शरद जोशी हीच गोष्ट 'उणे सबसिडी' म्हणून कितीतरी आधीपासून सांगत होते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कळून आपण काय करायचं? न्यूयॉर्कचा कापूसबाजार आपल्या हातात नाही. पण चार गोष्टी आपल्या गटाच्या हातात आहेत.

पहिली, हिशेबाचं पान. गटाच्या वहीत कर्ज-बचतीशेजारी शेतीचंही एक पान उघडा. किती गोण्या खत आणलं, दुकानदाराने खताबरोबर दुसरं काही गळ्यात मारलं का, मोटार असेल तर लाइट रात्री येते की दिवसा, आणि खुरपणी-वेचणीचे आपले दिवस किती. शेवटचं जरूर लिहा. हमीभाव काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतात आणि त्या खर्चाच्या दीडपट हमीभाव असं धोरण आहे. आपण आपले दिवस मोजलेच नाहीत, तर क्विंटलमागे आपला खरा खर्च किती, हे आपल्यालाच सांगता येणार नाही. चार गावांचे आकडे एकत्र आले की ग्रामसभेत नुसतं रडगाणं राहत नाही, हिशेब होतो.

दुसरी, नाव. खताला सातबारा लागत नाही, आधार आणि अंगठा लागतो. पण शेतीपंपाला, ठिबकच्या अनुदानाला, हमीभावाच्या खरेदी केंद्राला सातबारा लागतो. योजनांसाठी आता शेतकरी ओळख क्रमांकही मागतात, आणि तोही जमीन नावावर असणाऱ्याला मिळतो. म्हणजे बहुतेक मदत नावाच्या मागून येते आणि राबणाऱ्या हाताचं नाव कागदावर नसतं. आपल्या राज्यात लक्ष्मी मुक्तीची योजना आहे. शेतकरी संघटनेच्या चळवळीतून ती आली आणि १९९२ मध्ये सरकारने परिपत्रक काढलं. नवऱ्याने संमती दिली तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तलाठ्याकडे जाऊन चौकशी करा. एकटीने जाऊ नका, गटातल्या पाचजणी मिळून जा. ई-पीक पाहणी मात्र वेळेत करून घ्या. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर खरेदी केंद्रावरून माल परत येतो.

तिसरी, युरियाचा हात आखडणं. २०१० पासून स्फुरद आणि पालाशच्या खतांची सबसिडी वेगळ्या पद्धतीने ठरते. युरिया त्यातून बाहेर ठेवला. त्यामुळे युरिया सगळ्यात स्वस्त राहिला आणि आपण तोच जास्त ओतत गेलो. सोयाबीन आणि तूर ही शेंगवर्गाची पिकं हवेतलं नत्र स्वतःच मुळांच्या गाठींत साठवतात. त्यांना युरियाचा मारा कशाला? माती तपासून घ्या आणि पत्रिकेत लिहिलंय तेवढंच खत टाका. स्वस्त आहे म्हणून टाकलेली गोणी आपल्यालाही महाग पडते आणि देशालाही.

चौथी, विकायची वेळ. काढणी झाली की उधारी फेडायला आपण घाईने माल मोंढ्यात नेतो आणि नेमका तेव्हाच भाव तळाला असतो. बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना आहे. सोयाबीन, तूर, हळद असा माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळतं. भाव वाढेलच याची हमी कुणी देत नाही. तेलाचं शुल्क उतरलं तर आणखी पडूही शकतो. म्हणून सगळा माल अडकवू नका. गरजेपुरता विका, थोडा ठेवा आणि रोज भाव बघा. एकीचं पोतं गोदामात नेणं परवडत नाही, दहाजणींची गाडी परवडते.

हळदीबद्दल एक शब्द. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीला हमीभाव नाही, आणि जगात सगळ्यात जास्त हळद आपलाच देश पिकवतो. म्हणजे इथे आपण जगाच्या बाजारात कुणाच्या मागे नाही. पण हळदीलाही पाणी आणि खत लागतंच. तीच हळद ठिबकवर घेतली, मोजून खत दिलं, तर कमी पाण्यात येते. पाणी आपल्या विहिरीत राहिलं, तर पुढच्या उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब जावं लागत नाही. हा नफा कोणत्याच व्यापाराच्या आकड्यात धरत नाहीत, पण डोक्यावर हंडा वाहणारीला तो लगेच कळतो.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढंच करा. प्रत्येकीने सांगा, या वर्षी माझ्या घरी किती गोण्या आल्या, मोटार कुणाच्या नावावर आहे, आणि माझं सोयाबीन कोणत्या दिवशी, कोणत्या भावाने गेलं. सचिव ताईंनी ते लिहून ठेवावं. महिन्याभराने प्रभाग संघाच्या सभेत आम्ही तुमच्या वह्या घेऊन बसणार आहोत. ज्या गावचं पान कोरं असेल, त्या गावाला आम्ही स्वतः येऊन भेटू.